अध्यक्ष महोदय, किल्ल्या कुणाकडे देताय?

ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झालात, अभिनंदन. आता परदेश दौरे आलेच. आधी दिवस मोजा. 15 पेक्षा जास्त दिवस जायचं तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, परवानगी लागते. ती न घेता सोळावा दिवस काढलात, तर पदावरून जाल. तेव्हा सासुरवाडीला गेल्यासारखे रेंगाळू नका.

चार्जची काळजी नको. तुम्ही देशाबाहेर गेलात की खुर्ची उपराष्ट्राध्यक्षाकडे. तो नसेल तर कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष, मग सिनेटचा, मग सर्वोच्च न्यायालयाचा. ही रांग घटनेच्या कलम 80 मध्ये लिहून ठेवलेली आहे, त्यामुळे पुढे घुसायला वाव नाही. मागे सरकायला मात्र भरपूर आहे.

कारण असं, की निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांत जो या खुर्चीत बसला, त्याला राष्ट्राध्यक्षपद सोडून दुसरं कुठलंच पद लढवता येत नाही. दोन दिवसांच्या मानापायी हक्काची खासदारकी कोण घालवेल? म्हणून निवडणुकीच्या वर्षी एकट्याची बॅग भरू नका. रांगेतल्या सगळ्यांना भरायला सांगा. 2018 मध्ये मतदान होतं 7 ऑक्टोबरला, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर 13 एप्रिलला लिमाच्या शिखर परिषदेला निघाले. म्हणजे सहा महिन्यांची रेघ ओलांडून जेमतेम आठवडा झालेला. उपराष्ट्राध्यक्ष नव्हताच, तेमेर स्वतःच त्या जागेवरून बढती मिळून आलेले, आणि रिकामी झालेली ती जागा मधेच भरत नाहीत. रॉड्रिगो माया आणि युनिसियो ऑलिव्हेरा, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष, तेही परदेशी गेले. उरल्या न्यायालयाच्या अध्यक्ष कार्मेन लुसिया. त्यांना कुठूनही उभं राहायचं नव्हतं, एवढी पात्रता पुरली.

(आपल्याकडे जून 1960 मध्ये राजेंद्र प्रसाद सोव्हिएत दौऱ्यावर असताना राधाकृष्णन यांनी काम पाहिलं. सही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करायची, त्यामुळे चार्ज देणाराही निवांत आणि घेणाराही.)

रांगेत नसलेल्यांकडेही एकदा बघून घ्या, विशेषतः गणवेशातल्या. युगांडाचे मिल्टन ओबोटे जानेवारी 1971 मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला होते. मागे राहिलेल्या लष्करप्रमुख इदी अमीन यांनी कुणी न देताच चार्ज घेतला. जुलै 1975 मध्ये नायजेरियाच्या याकुबू गोवन यांचीही खुर्ची परदेशी असतानाच गेली. ते तेव्हा शिखर परिषदेला आले होते कंपालात, यजमान इदी अमीन.