नवशिक्याला अवघड मैदानावर ढकलू नका

"सोप्या मैदानावर गोल्फ येत नाही. पहिल्या दिवसापासून सगळ्यात अवघड मैदान गाठा, आपोआप सुधाराल." असा एक मजकूर सध्या फोनाफोनी फिरतोय. मडगावातल्या तिघांनी तो मला पाठवला, आणि तिघांनीही क्लब (गोल्फची काठी) नुकताच हातात धरलाय. म्हणून हे उत्तर.

त्यातलं पहिलं म्हणणं असं की अवघड मैदान सगळ्यांनाच सारखं अवघड, मग नवशिक्याने का घाबरावं? हे साफ चूक आहे. मैदानाचं स्लोप रेटिंग ५५ ते १५५ च्या दरम्यान असतं, प्रमाण आकडा ११३. कसलेल्या खेळाडूच्या मानाने कच्च्याला ते मैदान किती जास्त जड जातं, हेच हा आकडा सांगतो. हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; जितका मोठा तितका खेळाडू कच्चा) ३६ असलेल्याला ११३ च्या मैदानावर स्लोपच्या हिशोबाने ३६ फटक्यांची सवलत मिळते, १४० च्या मैदानावर ४५ च्या आसपास. इंडेक्स शून्य असलेल्याला दोन्हीकडे शून्यच. हा नऊ फटक्यांचा बोजा एकट्या कच्च्या खेळाडूच्या डोक्यावर येतो.

दुसरं म्हणणं, अवघड मैदान अचूकता शिकवतं. शिकवेल, पण फटका मारायला मिळाला तर! गेल्या डिसेंबरात भाच्याला गोव्याबाहेरच्या एका मोठ्या मैदानावर नेलं. पहिल्याच होलला, म्हणजे मैदानाच्या पहिल्याच टप्प्याला, समोर तळं. त्याने सात नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) काढलं; चेंडू पाण्यात. दुसराही पाण्यात. तिसरा काठावर आपटून उसळला आणि तोही गेला. प्रत्येक वेळी दंडाचा फटका. झुडपात गेलेला चेंडू शोधायला २०१९ पासूनच्या नियमाने तीनच मिनिटं, आणि मागची मंडळी ताटकळलेली. नऊ होल होईस्तोवर अकरा चेंडू संपले होते आणि ग्रीनजवळची (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळची) चिप, म्हणजे छोटा हलका फटका, त्याने मोजून चारदा मारली होती. शेवटी शेवटी तो स्विंग पुरा करीनासा झाला. चेंडूवर नजर ठेवायची सोडून पाण्याकडेच बघायचा. चूक मनगटाची, उभं राहण्याची की भीतीची, हे त्याला कळेना आणि मलाही सांगता येईना.

दोन आठवड्यांनी आम्ही मोबोरला रिसॉर्टातल्या बारा होलच्या पार-तीन मैदानावर गेलो; पार म्हणजे एका होलला अपेक्षित फटके, इथे प्रत्येकी तीन. एका सकाळीत त्याने तीसेक चिप मारल्या. तोच चेंडू, तेच गवत, पुन्हा पुन्हा ग्रीनच्या अलीकडे. आठव्या होलला मान वर न करता तोच म्हणाला, "मामा, वजन मागच्या पायावरच राहतंय." हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मजकुरात सेव्ह बॅलेस्टेरोस या नामवंत स्पॅनिश गोल्फपटूचा दाखला आहे: वाळूत, एका तीन नंबरच्या आयर्नने तो घडला. खरंच आहे, स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर. पण किनाऱ्यावर दंड नसतो, मागे कुणी खोळंबलेलं नसतं, आणि तोच फटका दिवसभर मारता येतो. फटका अवघड असणं वेगळं आणि मैदान अवघड असणं वेगळं. टायगर वुड्स तर लहानपणी लाँग बीचच्या हार्टवेल या पार-तीन मैदानावर शिकला. पोराचा फटका किती लांब जातो हे बघून रूडी ड्युरान या प्रशिक्षकाने त्याच्यापुरता वेगळा पार ठरवून दिला होता.

"समुद्रात ढकललं की पोहता येतं," असंही त्यात आहे. किनाऱ्यावर राहणारं माणूस असं बोलणार नाही. आमच्याकडे मुलं आधी तळीत, ओहोळात हातपाय मारतात.

राहिलं "सोप्या मैदानाने खोटा आत्मविश्वास येतो" हे म्हणणं. यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. वर्षानुवर्षं सपाट, मोकळ्या मैदानावर खेळणाऱ्याची वाढ खुंटते. ग्वादान्योली आणि ली या संशोधकांनी २००४ मध्ये हेच मांडलं: अडचण शिकणाऱ्याच्या तयारीला साजेशी हवी, फार कमी असली तरी शिकणं होत नाही, फार जास्त असली तरी नाही. तेव्हा अडचण वाढवायचीच, पण एकेक करून. त्याच छोट्या मैदानावर फक्त तीन क्लब घेऊन खेळा. चेंडू मुद्दाम बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) पलीकडे ठेवून ग्रीनवर आणा. मग टी (पहिला फटका मारायची जागा) मागे न्या.

भाच्याचं आता तेच चाललंय. येत्या रविवारी तो काणकोणला राजबागच्या नऊ होलच्या मैदानावर पहिल्यांदा उतरेल, ग्रीनला सगळ्यात जवळच्या टीवरून, आणि सकाळी लवकर, समुद्रावरचा वारा सुटायच्या आत.