एकाकी आजोबा कसे घडवावेत

म्हातारपणावर कादंबरी लिहायला घेतलीत? उत्तम. फक्त पहिल्याच प्रकरणात आजींना उचला. भिंतीवर फोटो, फोटोला चंदनाचा हार, विषय संपला. आजोबांना मारून आजी मागे ठेवायचा मोह होईल, पण तो आवरा. आजी तेरावं झालं की चौदाव्या दिवशी पोळ्या लाटायला उभ्या राहतात. मग लेकीचं बाळंतपण, नातवाची स्कूलबस, सुनेचा डबा. भरल्या घरात सगळ्यांची पानं झाल्यावर ओट्याशीच उभ्याउभ्या चार घास खाणाऱ्या बाईचं एकटेपण कादंबरीत उठून दिसत नाही. तिला आरामखुर्ची नाही, खिडकी नाही. कशाला रेलून उदास व्हायचं तिनं?

आजोबा पेन्शनवालेच घ्या. निवृत्त मुख्याध्यापक सर्वांत टिकाऊ. शेतमजूर आजोबा चुकूनही नको. 65 उलटल्यावर सरकार त्यांना महिन्याला 1500 रुपये देतं, योजनेचं नावच ‘श्रावणबाळ’. मात्र घरचं उत्पन्न वर्षाला 21,000च्या आत असल्याचा दाखला हवा. म्हणजे तलाठी, तहसील, सेतू, बँक. हा श्रावणबाळ कावड आणतो, पण आईबापांनी कागदपत्रं जोडल्यावर. या फेऱ्यांत आजोबांना इतकी माणसं भेटतात की एकाकी व्हायला सवड कुठली?

वय बेतानं ठरवा. बहात्तर-त्र्याहत्तर ठीक. पंच्याहत्तरी ओलांडू देऊ नका, कारण ऑगस्ट 2022 पासून 75 च्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे. तुम्ही सहाव्या प्रकरणात संधिप्रकाश पसरून बसाल आणि आजोबा आधार कार्ड खिशात घालून अक्कलकोटला गेलेले असतील. एकाकीपणा घरी, कुलपात.

मुलगा अमेरिकेतच हवा. पिंपरीत राहून वर्षभर न फिरकणारा मुलगा वाचकांना रुचत नाही. वाचक पिंपरीतच राहतात.

दुसरं असं की, नायकाला कायदा कळू देऊ नका. 2007 सालचा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, त्यात मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, वकील लागत नाही, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. हे आजोबांना समजलं की तुमची कादंबरी साठाव्या पानावर आटोपली. (90 दिवस खरोखर पाळले जातात का, हा वेगळ्या कादंबरीचा विषय. ती जाडजूड होईल.)

नोव्हेंबर मात्र सोडू नका. पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला! यंत्रावर अंगठा ठेवलाय, रेषा झिजलेल्या, यंत्र म्हणतंय जुळत नाही. इथे दीड प्रकरण सहज निघतं : माणूस समोर उभा आहे आणि पुरावा मागे राहिला, वगैरे. प्रत्यक्षात आजोबा दुसरं बोट लावून बघतात, मग तिसरं, मग कारकुनाला दोन शब्द सुनावतात आणि रांगेतल्या जुन्या मित्रांबरोबर समोरच्या टपरीवर कटिंग प्यायला जातात. ही टपरी तेवढी गाळा.

प्रकाशन समारंभाला सभागृह भरायची चिंता नको. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाला निमंत्रण धाडा. सहाचा कार्यक्रम असेल तर मंडळी साडेपाचला पुढच्या रांगेत असतात, भाषणं जागेपणी ऐकतात, वडाही आवडीनं खातात. तुम्ही ‘समाजाने अडगळीत टाकलेली ही पिढी’ म्हणाल, तेव्हा टाळ्याही तेच वाजवतील. नंतर एखादे काका पुस्तक हातभर लांब धरतील, जवळ आणतील, चष्मा कपाळावर चढवतील आणि विचारतील, ‘‘अहो, याच्यात जरा मोठं अक्षर नाही का?’’

सांगा, टाइप वाढवला की पानं वाढतात, किंमत चढते. परवडत नाही.