मामांच्या गाडीची किंमत : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नातेवाइकांनी आपल्या जुन्या गाडीची किंमत विचारली, तर ती खरी सांगावी, असे मी मागच्या लेखात लिहिले होते आणि त्यात सांगलीच्या मामांच्या गाडीचे उदाहरण दिले होते. २०१४ च्या पासिंगची डिझेल सेडान, चार मीटरच्या आतली, नवी घेताना आठ लाखांहून थोडे अधिक पडलेले. मामांच्या मनात साडेतीन ते चार लाख होते. मी अडीच ते पावणेतीन सांगितले. त्यावर आपण जी प्रतिक्रिया लिहिलीत तिचा आशय असा, की विमा कंपनी ज्या गाडीची किंमत पॉलिसीवर तीन लाख साठ हजार छापून देते तिला भाच्याने अडीच लाख म्हणणे हा आगाऊपणा आहे. गाडी पुरात भिजल्याची गोष्ट उगाळण्याचे काही कारण नव्हते. आणि घरच्या माणसाशी बाजारभावाची भाषा करणे म्हणजे नात्यात दलाली आणणे होय. शेवटी आपण आपल्या मेहुण्यांच्या गाडीविषयीही लिहिले आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, परंतु त्याकडे जाण्याआधी विम्याचा आकडा नीट पाहणे आवश्यक आहे, कारण तो गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात आढळतो.

पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ म्हणून जो आकडा असतो तो गाडीचा भाव नसतो. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात इतकी मोडली की दुरुस्त करणे परवडू नये, तर कंपनी जास्तीत जास्त किती रक्कम देईल, याची ती मर्यादा असते. पहिली पाच वर्षे ती ठरावीक घसाऱ्याने उतरते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दोन, तीन, चार आणि पाच वर्षांपर्यंत अनुक्रमे २०, ३०, ४० आणि ५० टक्के. हा घसारा उत्पादकाच्या जाहीर विक्री किमतीवर लागतो. नोंदणी, रस्ता कर आणि विमा यांवर आपण केलेला खर्च त्यात मुळातच धरलेला नसतो. पाच वर्षांनंतर तर तेही कोष्टक संपते आणि आकडा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरतो. पॉलिसीचे ऑनलाइन नूतनीकरण ज्यांनी केले असेल त्यांना ठाऊक असेल की तो आकडा एका मर्यादेत आपण स्वतःच खाली-वर करू शकतो, आणि वर नेला की हप्ताही वाढतो. मामांच्या गाडीचा आकडा त्यांच्या एजंटाने दरवर्षी फारसा न उतरवता पुढे नेला होता. गाडी किती चालली, टायर कोणत्या वर्षाचे आहेत, क्लच किती उरला आहे, यांतले काहीही तो आकडा लिहिणाऱ्याने पाहिलेले नव्हते. मी ते पाहिले होते, एवढाच काय तो माझ्या आणि कंपनीच्या अंदाजातला फरक.

आपण ओएलएक्सवर तशाच गाड्यांना चार लाख मागितलेले पाहिल्याचे लिहिले आहे. ते खरे आहे, पण ती मागणी आहे. सौदा कितीला झाला हे तिथे कोणी लिहीत नाही, आणि जी जाहिरात दोन-दोन महिने तशीच दिसत राहते ती तर त्या भावाला गिऱ्हाईक नाही याचाच पुरावा असते. शिवाय एकाच गाडीला एकाच दिवशी तीन भाव असतात आणि आपले लोक त्यांतला सर्वांत वरचा भाव आपला समजतात. व्यापारी आपल्याकडून घेताना देतो तो सर्वांत खालचा. तीच गाडी धुऊन-पुसून, डेंट काढून, आपल्या दुकानासमोर उभी करून तो मागतो तो सर्वांत वरचा. आणि एका घरातून दुसऱ्या घरात थेट विकली तर मिळतो तो यांच्या मधला. खालच्या आणि वरच्या भावांतल्या अंतरात व्यापाऱ्याचा नफा असतो हे खरे, पण त्यातच गाडी पडून राहिली तर लागणारे व्याज, आरटीओची कामे, विकल्यानंतरच्या तक्रारी आणि त्याच्या नफ्यावरचा जीएसटीही असतो. हा कर जानेवारी २०२५ पासून सर्व जुन्या गाड्यांसाठी सरसकट १८ टक्के आहे. दोन घरांतल्या थेट व्यवहाराला तो लागत नाही. म्हणून मी मामांना एक आकडा सांगितला नाही. व्यापारी दोन-सव्वादोन म्हणेल, थेट विकलीत तर अडीच ते पावणेतीन मिळतील, आणि हीच गाडी दुकानात तुम्हाला तीन-सव्वातीनला दिसेल, असे तिन्ही भाव सांगितले. एकच आकडा सांगितला की समोरचा माणूस त्याच्याशी भांडत बसतो. तीन सांगितले की आपल्याला यांतला कोणता मार्ग परवडेल याचा तो विचार करू लागतो, असा माझा अनुभव आहे. शोरूमवाले देऊ करतात तो ‘एक्स्चेंज बोनस’ही यात मिसळू नये. तो नव्या गाडीवरच्या सवलतीचाच एक भाग असतो, जुन्या गाडीचा भाव नव्हे.

काळाचाही प्रश्न होता. मामांच्या डोक्यातला आकडा शेजाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांपूर्वी केलेल्या विक्रीवरून आलेला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव जागेवर राहू शकत नाही, कारण गिऱ्हाईक दोन्ही किमती शेजारी शेजारी ठेवून पाहते. त्यात ही गाडी डिझेलची. एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुरावरची बीएस-६ मानके लागू झाल्यावर कंपन्यांनी लहान डिझेल इंजिने बहुतांशी बंद केली. गावाकडे रोज शंभर किलोमीटर फिरणारा माणूस अशी गाडी आजही आवडीने घेतो, पण शहरातला माणूस इंजेक्टर आणि टर्बोच्या खर्चाला भितो. २०२९ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी, पुनर्नोंदणी आणि हरित कर आहे, हे घेणाराही बोटांवर मोजतोच.

आता पुराविषयी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत जे झाले ते आपल्याला सांगायला नको. मामांची गाडी त्यांच्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये सीटच्या बैठकीपर्यंत पाण्यात होती. विम्यातून दुरुस्ती झाली आणि त्यानंतर गाडीने त्यांना काहीही त्रास दिला नाही. ‘मग ते स्वतःहून कशाला सांगायचे?’ असे आपण विचारता. नैतिक उत्तर आपल्यालाही ठाऊक आहे, त्यामुळे ते मी देत नाही. व्यवहाराचे उत्तर देतो.

ती गोष्ट लपत नाही. मी गाडी पाहायला गेलो तेव्हा मागच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. रोजच्या वापरात पट्टा निम्माच बाहेर येतो, त्यामुळे रिळाजवळचा शेवटचा हातभर भाग धुतला जात नाही. तिथे गाळाची फिकट तपकिरी रेघ स्पष्ट होती. पुढची सीट मागे सरकवली तर रुळांच्या बोल्टवर गंज होता, आणि वरून चकचकीत असलेल्या गाडीत तो गंज काय सांगतो हे कोणत्याही मेकॅनिकला विचारावे लागत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यातही तोच प्रकार. जे मला दिसले ते व्यापाऱ्याच्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत दिसते, आणि त्याला ते स्वतः सापडले की तो केवळ पुराचे पैसे कापत नाही. या माणसाने आणखी काय लपवले असेल, याचेही पैसे तो कापतो. मग मीटरवरचे किलोमीटर खरे असूनही त्याला खोटे वाटू लागतात आणि ‘सिंगल ओनर’ असूनही कागदांवर संशय येतो.

याउलट मामांकडे सांगण्यासारखी एक चांगली गोष्ट होती आणि लपवालपवी केली असती तर ती सांगताच आली नसती. पाणी ओसरल्यावर त्यांनी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला नव्हता. अशा वेळी उतावीळपणे सेल्फ मारला आणि सिलिंडरमध्ये पाणी असले, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मामांनी गाडी ओढून नेली, आधी तेले बदलून घेतली, वायरिंग आणि सीटची गादी नवी बसवली, आणि त्या सगळ्याची बिले मामींनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. ती पिशवी गिऱ्हाइकासमोर ठेवल्यावर ‘पुरातली गाडी’ हा आरोप राहत नाही, त्याची ‘पुरानंतर नीट दुरुस्त केलेली गाडी’ अशी माहिती होते. माझ्या हिशेबात या फरकाचे मूल्य तीस-चाळीस हजार तरी आहे. टायरांबाबत मात्र मामांशी थोडा वाद झाला. ते फारसे चालले नसल्यामुळे मामा त्यांना नवे म्हणत होते, पण टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक २७१९ होते, म्हणजे २०१९ सालच्या सत्ताविसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी कितीही शाबूत असो, इतक्या वर्षांचे रबर घेणारा बदलणारच, आणि त्याचे अठरा-वीस हजार तो आपल्याच भावातून वळते करणार.

आता नात्याचा मुद्दा. घरात पैशाची भाषा आली की मने दुखावतात, हे आपले म्हणणे मी नाकारत नाही. मामा त्या संध्याकाळी माझ्याशी फारसे बोलले नाहीत, आणि मामींनी ‘जाऊ दे, जेवून घे’ असे म्हणून विषय बदलला. पण गोड बोलून काय झाले असते ते पाहा. मामांनी चार लाख धरून नव्या गाडीचे बुकिंग केले असते, उरलेल्या रकमेचे कर्ज ठरवले असते, आणि गाडी घरी यायच्या आठवड्यात त्यांना अनोळखी माणसाकडून सव्वादोन ऐकावे लागले असते. तेव्हा नाही म्हणण्याची सोय त्यांच्याकडे उरली नसती. घाईत असलेला विक्रेता व्यापाऱ्याला दुरूनच ओळखू येतो. नातेवाइकाने आधी सांगितलेला कमी आकडा आणि परक्याने ऐनवेळी सांगितलेला कमी आकडा यांत हाच फरक आहे : पहिल्यानंतर माणसाला वेळ असतो.

नात्यात दलाली येते ती आकडा सांगितल्याने येत नाही, आकडा सांगणाऱ्याचा त्यात हात असला की येते. म्हणून मी दोन पथ्ये पाळतो. विचारल्याशिवाय कोणाच्या गाडीची किंमत सांगत नाही. लग्नाच्या मांडवात एखाद्याच्या गाडीभोवती फिरून ‘हिचे आता दोनही येणार नाहीत’ म्हणणारे महाभाग प्रत्येक कुळात असतात, त्यांची बाजू मी घेत नाही. आणि जी गाडी माझ्या घरात कोणाला घ्यायची असेल तिची किंमत मी ठरवत नाही. तिथे बाहेरच्या दोन व्यापाऱ्यांचे भाव लेखी घ्यावेत आणि दोघांच्याही समोर ठेवावेत.

नात्यातल्या नात्यात गाडी विकताना तर मी बाजारापेक्षा थोडा जास्तच भाव सुचवतो, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. जुन्या गाडीच्या भावात संशयाची एक कपात कायम दडलेली असते, कारण विकणाऱ्याला गाडीची सगळी कुंडली ठाऊक असते आणि घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच उदाहरणावरून हे मांडले आणि २००१ मध्ये त्यांना नोबेलचा सन्मान वाटून मिळाला. पुतण्या काकांची गाडी घेतो तेव्हा ती गाडी त्याने दहा वर्षे पाहिलेली असते. तिथे संशयाची कपात करण्याचे कारणच नाही; व्यापाऱ्याच्या भावापेक्षा काकांना जास्त मिळावे आणि दुकानातल्या भावापेक्षा पुतण्याला कमी पडावे. ‘घरातलीच आहे, तुला वाटेल ते दे’ हे वाक्य मात्र मला धोक्याचे वाटते, कारण पुतण्याला जे वाटते ते काकांना वाटलेले नसते आणि दोघेही ते वर्षानुवर्षे बोलून दाखवत नाहीत.

अशाच भिडेपोटी गाडी नावावर करायचेही राहून जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. नमुना २९ आणि ३० भरून काम होते, कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो, आणि ई-चलने आधी भरावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, मधल्या काळात गाडी अनेक हात फिरलेली असतानाही, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ज्याचे नाव नोंदणीत आहे त्याच्यावरच ठेवली. भाच्याला प्रेमाने दिलेल्या गाडीलाही हा नियम लागू पडतो.

आपल्या मेहुण्यांविषयी आपण लिहिता, की ते पुढच्या महिन्यात पेट्रोल हॅचबॅक विकणार आहेत आणि ‘पाच तर सहज येतील’ असे आपण त्यांना सांगणार आहात. गाडी न पाहता मी त्यावर मत देणार नाही. पण त्यांनी नव्या गाडीचे टोकन अजून दिले नसेल, तर पाच म्हणण्याआधी त्यांच्याकडून सर्व्हिसची बिले मागवून घ्यावीत, दोन व्यापाऱ्यांना गाडी दाखवायला सांगावे आणि ते दोन भाव हातात आल्यावर मगच आपला आकडा सांगावा. टोकन दिले असेल, तर आजच फोन करावा.