पायरीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर चिडून लिहिलं असतं आणि आज ते निस्तरत बसावं लागलं असतं.

आमच्या गावचं वाचनालय सांभाळणाऱ्या गुरुजींच्या तेराव्यानंतर मी लेख लिहिला, त्यातल्या एका वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत: 'पुस्तक देताना गुरुजींनी कधी भेद केला नाही.' तुमचे वडील आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतले. साठ सालानंतर ते पुस्तक मागायला यायचे तेव्हा वाचनालय ज्या वाड्यात होतं त्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभे राहायचे, गुरुजी पुस्तक मधल्या पायरीवर ठेवून आत वळायचे आणि मग वडील ते उचलायचे, असं तुम्ही लिहिलंत. 'हे तुम्हाला माहीत नव्हतं, की लिहायचं नव्हतं?' हा तुमचा प्रश्न. शिवाय आणखी दोन: सदा कुलपात असलेल्या कपाटाला वाचनालय म्हणायचं का, आणि गुरुजींच्या छडीचं काय.

छडीचं आधी उरकतो. होती, निरगुडीची. मी खाल्ली आहे. लेखात 'शिस्तीचे' हा शब्द घालून मी ती झाकली. तेव्हा सगळेच मास्तर मारायचे, पण ते काही उत्तर नव्हे.

कुलपाच्या बाबतीत मात्र मी गुरुजींची बाजू घेणार. गावातलं वाचनालय म्हणजे एक लाकडी कपाट, एक दाखल नोंदवही आणि एक देवघेवीचं रजिस्टर. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १९६७ साली, लागू झाला १ मे १९६८ पासून. त्याच्या आधी सगळा कारभार वर्गणीवर, आणि वर्गणी म्हणजे सुगीला पायलीभर भात, ज्याला जमेल त्याने. अनुदान सुरू झाल्यावर तपासणीही सुरू झाली. साहेब यायचे, दाखल नोंदवही उघडायचे आणि क्रमांकावर बोट ठेवून म्हणायचे, दाखवा. पुस्तक नसलं की चिटणिसाने, म्हणजे गुरुजींनी, भरायचं. एका वर्षी अकरा पुस्तकं कमी भरली आणि गुरुजींनी पगारातून पैसे भरले. त्यानंतर किल्ली टोपीच्या घडीत गेली ती कायमची. ड, म्हणजे सगळ्यांत खालच्या, वर्गाच्या वाचनालयाला २०१२ नंतरसुद्धा वर्षाला ३०,००० रुपये मिळत, त्यातले निम्मे पगारावर. उघड्या फळ्यांवर पुस्तकं मांडून ठेवण्याची चैन कुणाला परवडणार होती? त्यात पाटण तालुक्यातला पाऊस. श्रावणात कपाट दोन दिवस उघडं राहिलं तर पुठ्ठ्यांवर बुरशी धरायची. दसऱ्यानंतर अंगणात घोंगड्या पसरून पुस्तकं उन्हाला घालायचं काम आम्हा पोरांचं, आणि कसर झटकताना सापडलेलं पुस्तक वाचत बसलो की छडी.

त्यातली बरीच पुस्तकं मुंबईहून आलेली. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईत ओझी वाहायला; माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. शिमग्याला येताना ही माणसं रद्दीच्या दुकानातून वजनावर पुस्तकं आणायची. अशीच एक रहस्यकथा, शेवटची पानं फाटलेली. आतल्या पुठ्ठ्यावर गुरुजींच्या अक्षरात लिहिलंय: 'शेवटची चार पाने नाहीत. खुनी कोण ते चिटणिसांस विचारावे.' विचारायला गेलं की ते सांगायचे, पण आधी आपल्याला कोण वाटतो ते सांगावं लागायचं. (दरवेळी वेगळा खुनी सांगायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.)

आता पायरी.

मला माहीत नव्हतं. ही सबब नाही, फक्त क्रम सांगतो. मी शाळेत गेलो तो १९६७ च्या कोयना भूकंपानंतर. माझ्या आठवणीतलं वाचनालय पत्र्याच्या शेडीतलं आहे, जमिनीच्या पातळीवर. त्याला पायरीच नव्हती. तिथे मी वस्तीतल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि त्या बसण्यावरून 'कधी' हा शब्द लिहून मोकळा झालो. माझ्या जन्माआधीचं वाचनालय कसं होतं, हे कुणाला विचारावंसं मला वाटलं नाही. चूक तिथे आहे.

तुमची प्रतिक्रिया वाचून गावी गेलो. वाचनालय आता ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आहे. जुनं रजिस्टर मिळालं. वाडा पडला तेव्हा कपाट तोंडावर पडलं होतं, त्यामुळे त्याच्या पोटातलं सगळं शाबूत राहिलं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर ११ डिसेंबर १९६७ च्या तारखेपुढे एकच ओळ आहे: 'पहाटे भूकंप. देवघेव बंद.' त्या वेळी गुरुजींची बदली दुसऱ्या गावी झालेली होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की घाट चढून घरी यायचे, सोमवारी अंधारात परत निघायचे. तो सोमवार होता. चारच्या पुढे जमीन हलली तेव्हा ते उठून कंदील लावत होते, म्हणून घरातली पोरं बाहेर निघाली.

त्या रजिस्टरात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वस्तीतल्या एकाही माणसाला वाचक क्रमांक दिलेला नाही. एकाही नाही. दोनदा पाहिलं.

पण वाचक क्रमांक ७ च्या खात्यात काहीतरी विचित्र दिसलं. क्रमांक ७ म्हणजे खुद्द गुरुजी. एका वेळी एकच पुस्तक, हा नियम त्यांनीच पुठ्ठ्यावर लिहून लावलेला. आणि दर शनिवारी त्यांच्या नावावर चार-चार, पाच-पाच पुस्तकं गेलेली. समासात शिसपेन्सिलीने एकेक अक्षर. 'भ', 'ध', 'सु', पुन्हा 'भ'. इतकं फिकट की उजेडाकडे पान तिरकं धरावं लागतं.

काकींना, म्हणजे गुरुजींच्या पत्नींना, विचारलं. गुरुजी चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन गेले, काकी अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, आणि आडवारी गुरुजी परगावी असताना वाचनालय त्याच उघडत, हेसुद्धा माझ्या लेखात नव्हतं. त्या म्हणाल्या, "वाड्यातल्या मंडळींनी बजावलं होतं. वस्तीत पुस्तकं द्यायची तर कपाट आमच्या सोप्यातनं उचला. हे म्हणाले, पोरं वाचू देत, पायरीचं मागनं बघू."

पायरीचं मागनं बघू. ताई, यात मी आता दोन्ही बाजूंनी बोलू शकतो, आणि दोन्ही खऱ्या आहेत. स्वतःच्या नावावर पुस्तकं लिहून, हरवली तर भरायची तयारी ठेवून, त्यांनी तुमच्या वडिलांपर्यंत पुस्तक पोचवलं. आणि त्याच माणसाने भांडण टाळलं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ सालीच झाला होता. गुरुजी स्कूल बोर्डाचे, पुढे जिल्हा परिषदेचे नोकर. कायदा त्यांना ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही. वर्गात सगळ्यांना एका ओळीत बसवणारे गुरुजी वाड्यावर आले की पुस्तक खाली ठेवून पाठ फिरवत होते. कपाट गेलं तर कुणालाच काही मिळणार नाही, हा हिशेब त्यांनी केला. हिशेब चुकीचा होता असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण तो हिशेब करताना पायरीवर उभं राहायची पाळी त्यांच्यावर नव्हती.

मागनं बघायची वेळ आलीच नाही. वाडा पडला. शेडीत नवं रजिस्टर सुरू झालं, त्याच्या पहिल्याच पानावर वस्तीतली सहा नावं आहेत, पूर्ण नावं, शाईने, स्वतंत्र क्रमांकांसह. मी काकींना म्हणालो, बघा, संधी मिळताच गुरुजींनी केलं. त्यावर काकी म्हणाल्या, "वाडाच पडला. पायरी कुठली राहायला?" मी गप्प बसलो.

लेखातलं ते वाक्य खोडलं आहे. काढून टाकलेलं नाही, खोडलेलं दिसेल असं ठेवलंय, आणि खाली पायरीचं लिहिलंय. तुमच्या प्रतिक्रियेतला मजकूरही, तुमची हरकत नसेल तर, तिथे जोडतो. बाकीचा लेख मात्र तसाच राहील. व्हर्नाक्युलर फायनलवर, म्हणजे जुन्या सातवीच्या परीक्षेवर, नोकरीला लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि दुसऱ्याच महिन्यात विशी-बाविशीतल्या पोरांच्या शेजारी बसून ग्रंथालयाच्या प्रमाणपत्राची परीक्षा देतो, का, तर ग्रंथपाल प्रशिक्षित असावा म्हणून. तो माणूसही तेच गुरुजी होते. त्यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही. तुम्हीही ते मागितलेलं नाहीत, हे मी दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं.

एक विचारायचं राहिलं. शेवटच्या शनिवारी, ९ डिसेंबरला, क्रमांक ७ वर पाच पुस्तकं गेली. चार नव्या रजिस्टरात जमा झालेली दिसतात. पाचवं नाही. दाखल क्रमांक ४१२, चरित्र, समासात 'भ'. तुमच्या वडिलांचं नाव 'भ'वरून आहे का? असेल तर घरात कुठे जुन्या ट्रंकेत, माळ्यावर ते पुस्तक आहे का, बघाल? परत नको आहे. पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा शिक्का असेल, त्याच्याखाली हाच क्रमांक. आणि गावी आलात तर रजिस्टर काढून ठेवायला सांगितलंय. फक्त सोमवारी येऊ नका, सोमवारी बंद असतं.