चमचाभर साखर आणि फुटणारी बाटली

घरी बनवलेली बिअर बाटलीत भरताना वायू तयार व्हावा म्हणून थोडी साखर घालतात. त्या साखरेच्या माझ्या तक्त्यावर तुमचं म्हणणं असं: 'बाटलीत एक चमचा साखर टाकली की झालं, वजनकाटा आणि हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजायच्या साधनाचा) उगाच बाऊ. काही बाटल्या उघडताना उतू जातात, पण फुटली एकही नाही.' शिवाय तक्त्यात साखर कोणती ते लिहिलं नाही, हेही तुम्ही दाखवलंत. ती चूक माझीच. आकडे साध्या साखरेचे होते. बाजारातलं डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) घेतलं तर साधारण १५ टक्के जास्त लागतं.

आता चमचा. सपाट चमच्यात ४ ग्रॅम मावते, शिगोशीग भरला तर ६-७. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे १ व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका, कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये ०.८५ आधीच मुरलेला असतो. म्हणजे ५०० मिलीच्या बाटलीत सपाट चमच्याने ३ च्या जवळ, ३३० मिलीच्या बाटलीत त्याच चमच्याने ४ च्या जवळ. साध्या, पातळ काचेची मजल ३ पर्यंतच धरायची. २.४ हवं असेल तर लिटरला ६ ग्रॅम, १९ लिटरला ११० ते ११५. ती साखर पाव लिटर पाण्यात उकळून, गार करून बादलीच्या तळाशी ओतायची, वरून नळीने बिअर सोडायची आणि निर्जंतुक चमच्याने हलकेच ढवळायचं. खळखळाट नको, प्राणवायू मिसळून चव बिघडते.

पण बाटल्या फोडते ती बहुधा ही साखर नाही. अर्धवट आंबलेली बिअर फोडते. हायड्रोमीटरवरचा एकेक अंश, म्हणजे १.०१४ वरून १.०१३, साधारण अर्धा व्हॉल्यूम देतो. चार अंश बाकी असताना भरलीत की २.४ चे थेट ४.४ होतात, मग साखर सोन्याच्या तराजूत तोलली असली तरी. म्हणून तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला पाहिजे. बुडबुडे थांबले, हा पुरावा नव्हे. सेझोन या बेल्जियन बिअरचे काही यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव) तर इतरांना न पचणारी साखरही सावकाश खात बसतात. तिथे आणखी थांबा आणि जाड काच वापरा.

तुमच्या उतू जाणाऱ्या बाटल्या मात्र आजच हाताळा, कारण ३५ अंशांच्या खोलीत तोच वायू कितीतरी जास्त दाब देतो. चष्मा, जाड हातमोजे, बाटलीभोवती टॉवेल. आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग बूच किंचित उचलून फुस्स होऊ द्या आणि नवं बूच बसवा.