३८ हजार रुपये, आणि तेही माळीकाम शिकायला?

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी चार ओळींचा मेसेज टाकला. मला पर्माकल्चरचा, म्हणजे पाणी, ऊन, झाडं पाहून जागेची आखणी करण्याचा कोर्स करायचा आहे, तेलंगणातल्या एका शेतावर दोन आठवडे राहून. फी, राहणं-जेवणं, रेल्वेचं भाडं सगळं धरून ३८ हजार लागतात. १४ हजार माझ्याकडे आहेत, उरलेल्यासाठी मदत हवी आहे.

दोन तास ग्रुपवर शुकशुकाट. एरवी सकाळी सहाला गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवणारी माणसं ही! मग एका काकांनी जोडलेल्या हातांचे दोन इमोजी पाठवले, त्यांचा अर्थ मला अजून लागलेला नाही. आणि पुण्याच्या आत्यानं विचारलं, "अगं, म्हणजे माळीकामच ना ते? कुणीही माळी फुकट शिकवेल की."

आत्यावर राग नाही. तिच्या मुलानं डेटा सायन्सचा कोर्स केला तेव्हा त्याची फी किती हे कुणी विचारलं नव्हतं, एवढंच नोंदवून पुढे जाते. पण ग्रुपवर तीन मेसेजच्या वर लिहिलं की लोक म्यूट करतात, म्हणून हे इथे लिहिते आहे. लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी, घरी शिकवण्या घेते, आणि गेली चार वर्षं हिवाळ्यात आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी मोजते. हळदी-कुंकू बदक, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले तेव्हा आम्ही पोरापोरींनी सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाऊन साजरं केलं होतं. पण दुर्बीण लावून चार वर्षं उभं राहिल्यावर एक गोष्ट कळते. पक्षी तलावात दिसतात, तलावाचं भवितव्य मात्र वरच्या अंगाला ठरतं. कुठल्या नाल्यातून काय येतं, शेतातून युरिया किती वाहून येतो, कॉलनीत किती जमीन फरसबंद झाली. जलपर्णी उपसायला मी श्रमदानाला गेले आहे, गुडघाभर चिखलात. पुढच्या वर्षी ती परत तिथेच असते, कारण तिचं जेवण वरून येतच राहतं. मोजणी करून कंटाळले असं नाही, पण मोजण्यापलीकडे काही हातात हवं असं वाटायला लागलं.

पर्माकल्चर हा शब्द ऑस्ट्रेलियातला. टास्मानियात बिल मॉलिसन आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड होल्मग्रेन यांनी सत्तरच्या दशकात ही मांडणी केली, १९७८ मध्ये पहिलं पुस्तक आलं. मॉलिसन १९८७ मध्ये आपल्याकडे येऊन शिकवूनही गेले, आणि २०१७ मध्ये हैदराबादला जगभरच्या पर्माकल्चरवाल्यांचा मेळावा भरला. मी करणार तो मूळ कोर्स जगात सगळीकडे ७२ तासांचा असतो. त्यात काय शिकवतात? थोडक्यात, जागेची आखणी. पाणी कुठून येतं, कुठे जातं, ऊन कुठे पडतं, वारा कुठला, माणूस दिवसातून किती वेळा कुठे जातो, आणि मग कुठलं झाड, कुठला खड्डा, कोंबड्यांचं खुराडं कुठे असावं की एकाचा कचरा दुसऱ्याचं जेवण व्हावा. रोज लागणारी कोथिंबीर दाराशी, वर्षातून एकदा उतरवायची चिंच लांब कोपऱ्यात.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होतं. बरोबर. माझ्या आजीला तर अजूनही ठाऊक आहे. रामबागेतलं आमचं जुनं घर ज्यांनी पाहिलंय त्यांना परसदार आठवेल. मोरीचं पाणी दगडी पन्हळीतून केळीच्या आळ्यात, केळीच्या सावलीत अळू, पलीकडे शेवगा, भांडी घासायच्या जागेपासून चार पावलांवर कढीपत्ता. मोरीचं एक थेंब पाणी गटारात जायचं नाही. पर्माकल्चरच्या पुस्तकात याच रचनेला केळीचं वर्तुळ म्हणतात आणि सुंदर रंगीत आकृती काढतात. मी ती आकृती आजीला दाखवली. तिनं चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाली, "मग यात अळू कुठाय?"

मग पैसे देऊन शिकायचं काय, हा आत्याचा प्रश्न खरंच वाजवी आहे. माझ्याजवळ त्याचं उत्तर आहे, पण ते जरा लाजिरवाणं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून स्वतःला तज्ज्ञ समजत होते. इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं शेत आहे. त्यांच्या मागे लागून मी शेताचा एक कोपरा मिळवला. तीन बांबूंचा ए आकाराचा सांगाडा बांधला, मधोमध दोरीला दगड लटकवला, त्यानं समपातळी रेषा काढली आणि मे महिन्याच्या उन्हात आम्ही चौघांनी साठ फूट चर खणला. पावसाचं पाणी चरात अडेल, जमिनीत मुरेल, खालच्या झाडांना मिळेल. व्हिडिओत अगदी तसंच होत होतं. फोनवर आजी रोज विचारायची, "काय करून राहिली गं तू उन्हात?" मी म्हणायचे, "पाणी जिरवून राहिले."

जुलैत तीन दिवस झड लागली. पाणी चरात अडलं. आणि अडूनच राहिलं. आठ दिवस. शेजारच्या सोयाबीनच्या ओळी पिवळ्या पडल्या, मग मुळं कुजली. आपली माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, तिची छिद्रं मिटतात, पाणी आत जायला तयारच नसतं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा तीच माती पहिला पाऊस गटागटा पिते. व्हिडिओतली माती वेगळी होती, तांबडी, रेताड. त्या काकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, उलट पोहे-जिलबी खाऊ घालून परत पाठवलं, त्यामुळे जास्तच मेल्यासारखं झालं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की अशाच काळ्या मातीसाठी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेनं रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली ती जादाचं पाणी बेतानं बाहेर काढायला. मी करत होते त्याच्या जवळजवळ उलट.

आजीला तिचं परसदार ठाऊक होतं. पन्नास वर्षं एकाच मोरीवर उभी राहून ती शिकली. मला दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन सांगायचं आहे, आणि तिथे "आमची आजी असं करायची" हे पुरत नाही. उतार मोजावा लागतो, पाणी मुरण्याचा वेग पाहावा लागतो, हिशेब मांडावा लागतो, चूक झाली तर ती कुणाच्या पिकावर पडेल याचा विचार करावा लागतो. ते मला येत नाही. म्हणून शिकायचं आहे. आणि व्हिडिओ पाहून नाही, अशा ठिकाणी जाऊन जिथे कुणी माझ्या हातातलं फावडं धरून "इथे नको" म्हणेल.

इंदूरकरांनो, आता जरा आपल्या गावाबद्दल. आपल्याला स्वच्छतेच्या पहिल्या नंबराचा इतका अभिमान आहे की दुसऱ्या एका गोष्टीचा अभिमान बाळगायचं राहूनच गेलं. जगात कंपोस्ट खताच्या पुस्तकांत एका शहराचं नाव छापलेलं असतं, आणि ते आपलं आहे. इंदूर पद्धत. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये इथे आले आणि त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली, आजचं कृषी महाविद्यालय आहे तिथेच. काम होतं कापसाचं. पण शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, पाणी आणि हवा सांभाळून, तीन वेळा उलथून तीन महिन्यांत खत कसं करायचं हे त्यांनी इथे बसवलं. इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले प्राध्यापक, असं हॉवर्ड म्हणत. १९३१ मध्ये त्यावरचं पुस्तक निघालं. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा मुद्दाम हे खत पाहायला गेले होते.

त्या पुस्तकावर दोन लेखकांची नावं आहेत. दुसरं नाव यशवंत वाड. संस्थेतलं रसायनशास्त्राचं काम ते पाहत. मी हे आजीला सांगितलं तर ती लगेच, "वाड? म्हणजे आपल्यातलेच!" आपल्यातलेच असतील तर मग गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत, मंडळांच्या स्मरणिकांत हे नाव मला एकदाही का भेटलं नाही? हॉवर्ड निदान परदेशात तरी आठवले जातात. वाडांना आपण आठवायचं होतं.

पण मला वाडांचं कौतुक करून थांबायचं नाहीये. मुद्दा असा की शेणकाडीचं खत शेतकऱ्यांना आधीही माहीत होतं. चिनी शेतकऱ्यांना तर कित्येक शतकं माहीत होतं, आणि हॉवर्ड यांनी त्याबद्दल वाचलेलं होतं. या दोघांनी काय केलं? मोजलं, लिहिलं, कुणालाही करता येईल असं केलं. आणि ते करायला त्यांना कुणीतरी पगार दिला. कापूस समितीनं पैसे दिले, इंदूर दरबारानं ३०० एकर जमीन दिली. होळकरांच्या दरबारात कुणी "खत म्हणजे उकिरडाच ना, तो तर कुणीही फुकट रचेल" असं म्हटलं असतं तर? म्हटलं असेलही. पण जमीन दिली. तीच जमीन वाचवायला २०२२ मध्ये कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना आंदोलन करावं लागलं, हे जाता जाता.

मी काही हॉवर्ड नाही. मला ३०० एकरही नकोत. २४ हजार कमी पडतायत.

बाकीच्या वाटा मी पाहून झाल्या. बँकेत शैक्षणिक कर्जाबद्दल विचारलं, साहेबांनी आधी विद्यापीठाचं नाव विचारलं, मग कोर्सची मुदत. "दोन आठवडे" म्हटल्यावर फॉर्म परत ड्रॉवरमध्ये. समाजाच्या एका ट्रस्टकडे गेले. तिथे शिष्यवृत्तीच्या अर्जात पदवी, वर्ष, टक्केवारी असे रकाने आहेत, मातीचा रकाना नाही. तिथल्या आजोबांनी चहा दिला, आपुलकीनं बोलले आणि म्हणाले, "बेटा, एमबीए कर, मग आम्ही नक्की देऊ." बाबा एफडी मोडायला तयार आहेत. पण ती एफडी आईच्या गुडघ्यांची आहे, आणि आईचे गुडघे माझ्या चरांपेक्षा आधी. आजीनं पाटल्या काढून दिल्या, त्या मी परत तिच्या हातात घातल्या. तो विषय संपला.

एक कबुली देते, नाहीतर तुम्हीच काढाल. पर्माकल्चरच्या दुनियेत मलाही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. मोरीच्या केळीला इंग्रजी नाव देऊन ती आपल्यालाच विकतात, हे खरंय. शहरातली पैसेवाली मंडळी शनिवार-रविवारी मातीत हात घालून फोटो काढतात, तेही खरंय. सर्टिफिकेट मिळेल, पण त्यानं सरकारी नोकरी मिळणार नाही, लग्नाच्या बायोडाटात तर ते लिहायचं की लपवायचं यावर घरात आत्ताच दोन तट पडलेत. इथून फार लांब नाही, होशंगाबादला राजू टायटस यांनी कित्येक वर्षं नांगर न लावता शेती केली, तीही कुठल्या सर्टिफिकेटवर नव्हे. हे सगळं मान्य करूनही मला जायचं आहे. साठ फुटांचा तो चर अजून डोळ्यांसमोर आहे.

परत येऊन काय करणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पहिलं, त्या काकांच्या शेताचा कोपरा नीट करून द्यायचा. ते देणं आहे. मग रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतली तीन परसदारं किंवा गच्च्या, ज्यांच्या असतील त्यांच्या परवानगीनं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर आपल्याकडे वर्षाला साडेनऊशे मिलिमीटर पाऊस धरला तर सुमारे ८८ हजार लिटर पाणी पडतं. ते आपण पाइपानं रस्त्यावर सोडतो, आणि मग नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर पंपानं चढवून आणलेली नर्मदा कुंड्यांना घालतो. १९७८ मध्ये नर्मदा गावात आली तेव्हा लोकांनी तिची पूजा केली असं आजी सांगते. आता आपण तिनं अंगण धुतो. ओल्या कचऱ्याचंही तेच. देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा जिरवून गॅस करणारा प्रकल्प आहे, चांगला आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण भाजीची देठं गाडीत घालून त्याच संध्याकाळी नर्सरीतून खताची पिशवी विकत आणणारी माणसं मी आमच्याच गल्लीत पाहते, आणि तीही इंदूर पद्धतीच्या इंदुरात.

तर मदत. मला देणगी म्हणून दिलेत तरी चालेल, उसने दिलेत तरी चालेल, वर्षभरात शिकवण्यांतून फेडीन. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे आगाऊ काम द्या. तुमच्या परसदाराचं, गच्चीचं, सोसायटीच्या त्या कोपऱ्याचं जिथे कुणी काही लावत नाही. पैसे आत्ता, काम मी आल्यावर. काय खर्च झाला ते पै-पैसह इथेच लिहीन, आणि काय शिकले तेही, चुकांसकट. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत फी भरायची आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी मेसेज करा. ज्यांना नाही त्यांनी संकोच करू नका. जोडलेल्या हातांचे इमोजी मात्र पुरे झाले.

आणि अजून एक. सध्या पानगळ चालू आहे. रामबाग ते नारायण बाग या पट्ट्यात कुणाच्या अंगणात कडुलिंबाची, बदामाची वाळकी पानं पडली असतील तर पेटवू नका, गाडीतही देऊ नका. पोत्यात भरून फाटकाशी ठेवा. रविवारी सकाळी सातला मी स्कूटी घेऊन येते. एका फेरीत दोनच पोती बसतात, त्यामुळे उशीर झाला तर रागावू नका.