‘शेप पायटॉर्च सांभाळून घेतं’? नाही घेत!

पुण्यातल्या इंजिनीअरिंगच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज काल भाचीकडूनही आला: ‘दोन टेन्सर ताडायचे तर == लावा, मीन काढा, झाली अ‍ॅक्युरसी. शेप पायटॉर्च सांभाळून घेतं. नॅनची काळजी नको. दशांश असतील तर ऑलक्लोज.’ (पायटॉर्च म्हणजे मशीन लर्निंगची पायथन लायब्ररी, टेन्सर म्हणजे तिच्यातला आकड्यांचा तक्ता, शेप म्हणजे त्या तक्त्याची मापं, मीन म्हणजे सरासरी आणि अ‍ॅक्युरसी म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण.) प्रोजेक्टच्या तोंडावर हे पोरांच्या हातात देऊ नका हो!

शेपचं वाक्य सगळ्यांत घातक. मॉडेलची उत्तरं (64, 1) आणि लेबलं, म्हणजे खरी उत्तरं, (64,) अशी असली तर एरर येतच नाही. ब्रॉडकास्टिंग होऊन, म्हणजे पायटॉर्चने मापं आपोआप ताणून जुळवून, (64, 64) चा टेन्सर बनतो, म्हणजे प्रत्येक उत्तर प्रत्येक लेबलाशी ताडलं जातं: 64 ऐवजी 4096 तुलना. समजा, सिंहगड रस्त्याचे 64 फोटो आहेत. 6 मध्ये खड्डा, 58 मध्ये नाही. एकही चूक न करणाऱ्या मॉडेलच्या जुळण्या 58×58 + 6×6 = 3400, म्हणजे 83 टक्के. आणि सरसकट ‘खड्डा नाही’ म्हणणाऱ्याला 90.6! फोटो निम्मे-निम्मे असले तर मॉडेल कसंही असो, आकडा बरोब्बर 50. मग पोरं लर्निंग रेट (मॉडेलच्या शिकण्याचा वेग) बदलत रात्री जागवतात, आणि चूक असते या एका ओळीत. उत्तरांवर स्क्वीझ(1) लावा, म्हणजे ती 1 मापाची जादा मिती निघून जाते, आणि तुलनेच्या आधी शेप सारखे असल्याचा असर्ट (अट मोडली की प्रोग्राम थांबवणारी ओळ) टाका. स्क्वीझचा कंस रिकामा ठेवू नका; शेवटच्या बॅचमध्ये (फोटोंच्या गटात) एकच फोटो उरला तर बॅचची मितीही उडते.

नॅनचं (‘हा आकडाच नाही’ अशा किमतीचं) म्हणाल तर नॅन == नॅन हे खोटंच येतं, दशांश आकड्यांच्या आयईईई 754 या मानकाचा नियमच तो. आधी इझनॅनने तपासा.

दोन टेन्सर जवळपास सारखे आहेत का हे पाहणाऱ्या ऑलक्लोजचं निम्मं खरं आहे, तेवढं मान्य. पण पायटॉर्चच्या डॉक्युमेंटेशनमधलं सूत्र वाचा: फरक ≤ एटोल + आरटोल × दुसऱ्या टेन्सरची निरपेक्ष किंमत. एटोल ही ठरावीक सूट, आरटोल ही किमतीच्या प्रमाणातली; न सांगता धरलेलं एटोल 10⁻⁸, आरटोल 10⁻⁵. अपेक्षित किंमत 0 असली की आरटोलचा उपयोग शून्य, 0.000001 आलं तरी नापास. म्हणून अपेक्षित टेन्सर दुसऱ्या जागी द्या आणि एटोल स्वतः ठरवा. टेस्ट लिहिताना तर असर्ट_क्लोजच वापरा: ते डीटाइपप्रमाणे (आकड्यांच्या प्रकाराप्रमाणे) सूट धरतं, शेप तपासतं आणि किती घटक जुळले नाहीत, सर्वांत मोठा फरक कुठे आहे, हेही सांगतं.

पूर्णांकी क्लास नंबरांना (वर्गांच्या क्रमांकांना) == चालतं. फक्त ते थेट इफमध्ये घालू नका, एकाहून जास्त घटक असले की एरर येते. एकच हो-नाही हवं असेल तर टॉर्च.ईक्वल.